रणगाड्याचं मॉडेल रंगवताना: गंज कमी, धूळ जास्त

किट जोडून झालं की रंगाची पहिली बाटली उघडण्याआधी मी एका चिठोऱ्यावर तीन गोष्टी लिहून ठेवते. गाडी कुठल्या प्रदेशात आहे, महिना कोणता, आणि कारखान्यातून निघून तिला किती काळ झाला. टवके किती उडाले असतील, धूळ कोणत्या रंगाची, चिखल कुठपर्यंत, हे सगळं या तीन ओळींवरून ठरतं. ते न ठरवता हात चालवला तर शिकलेल्या प्रत्येक तंत्राचा नमुना मॉडेलवर येतो, पण एकाही खुणेला कारण नसतं. कारण नसलेली खूण कितीही सफाईने काढली तरी बघणाऱ्याला खटकते.

उदाहरणासाठी १/३५ प्रमाणातला टी-३४/८५ घेऊ. ८५ मिलिमीटरची तोफ असलेले हे रणगाडे १९४४ च्या सुरुवातीला सोव्हिएत कारखान्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. माझ्या चिठोऱ्यावर 'बेलारूस, जून १९४४ ची चढाई' असं लिहिलेलं असेल, तर ही गाडी फार तर काही महिन्यांची आहे. तिच्या अंगावरचं ४५ मिलिमीटर जाडीचं पोलाद एवढ्या काळात गंजून पोखरलं जात नाही. रंग खरवडला गेला तिथे तपकिरी थर येतो, इतकंच. मात्र कोरड्या वाळूच्या रस्त्यावरून अर्धा दिवस चालली तरी ती आपादमस्तक धुळीने भरते. म्हणून माझा आग्रह एकच आहे. गंज कमी करा, धूळ जास्त करा. बाजारात गंजाच्या रंगांचे संच भरपूर मिळतात, त्यामुळे हात तिकडे आधी जातो. तो आवरा.

चिठोऱ्यावर आणखी एक आकडा असू द्या: मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ३५ मिलिमीटर. ब्रशने सहज टेकवलेला १ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे साडेतीन सेंटिमीटर रुंदीचा टवका. २ मिलिमीटर जाडीचा चिखल म्हणजे ७ सेंटिमीटरचा थर. सैनिकाचा बूट मॉडेलवर साधारण ८ ते ९ मिलिमीटर लांब भरतो. खूण काढण्याआधी मनात ३५ ने गुणायची सवय लागली की निम्म्या खुणा आपोआप गळतात.

रंगाआधी

चाकं, साखळ्या, टरेट (तोफ बसवलेला फिरता घुमट) आणि मुख्य सांगाडा मी वेगवेगळे ठेवते. चाकं जागेवर चिकटवली की त्यांच्या मागच्या बाजूला रंगही पोहोचत नाही आणि चिखलही. सगळे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. साच्यातला तेलकटपणा आणि हाताचा घाम निघाला नाही तर पुढे मास्किंग टेपबरोबर रंग उचलला जातो.

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, म्हणून मी मिस्टर फिनिशिंग सर्फेसर १५०० वापरते, काळा. तो लॅकर, म्हणजे जोरदार द्रावकाचा रंग, आहे, प्लास्टिकला घट्ट धरतो, आणि खाचाखोचांत पुढचा रंग पोहोचला नाही तरी तिथे सावलीच दिसते. लॅकरचा थिनर नाकातोंडात जाऊ देऊ नका. खिडकी उघडी हवी, वाफ शोषणारा मास्क हवा. साध्या कापडी मास्कने ती वाफ अडत नाही.

आता सगळ्या कामाचा पाया असलेला नियम. जोरदार द्रावक खाली, सौम्य द्रावक वर. लॅकर सर्वांत खाली, त्यावर अ‍ॅक्रिलिक, त्यावर एनॅमल आणि ऑइल रंग, शेवटी पिगमेंटची, म्हणजे कोरड्या रंगाची, पूड. एनॅमलचा वॉश (खाचांत सोडायचा खूप पातळ रंग) व्हाइट स्पिरिटने पुसताना खालचं पूर्ण वाळलेलं अ‍ॅक्रिलिक हलत नाही, म्हणून वरचा थर बिघडला तर पुसून पुन्हा करता येतो. हा क्रम उलटा केला तर वरचा थर खालच्याला विरघळवतो. यात एक फसवी जागा आहे. तामियाचे अ‍ॅक्रिलिक रंग अल्कोहोलमध्ये सुटतात, त्यामुळे त्यांच्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून काहीही करायला जाऊ नका.

मूळ हिरवा

सोव्हिएत रणगाड्यांचा संरक्षक हिरवा '४बीओ' नावाने ओळखला जातो. त्याची नेमकी छटा कोणती यावर मॉडेल करणारे हिरिरीने भांडतात. मी त्यात फार वेळ घालवत नाही, कारण वरून धूळ आणि वॉश चढल्यावर मूळ छटा तशीही सरकते. तामियाच्या एक्सएफ-६१ गडद हिरव्यात मी एक्सएफ-६० गडद पिवळा डोळ्यांना पटेल इतका मिसळते. दिसायला हवा त्यापेक्षा एक पायरी फिकटच ठेवते. पुढचा प्रत्येक थर मॉडेलला गडद करत जातो, आणि लहान वस्तूवर गडद रंग खऱ्यापेक्षाही काळवंडलेला दिसतो.

एअरब्रशची सुई ०.३ मिलिमीटरची, हवेचा दाब १ बारच्या आसपास, आणि रंग दुधाइतका पातळ. तामियासाठी हे प्रमाण साधारण एक भाग रंगाला एक ते दीड भाग थिनर असं पडतं. पहिला थर इतका हलका असावा की खालचा काळा प्रायमर अजून दिसतोय. दोन-तीन हलक्या थरांत रंग भरा, पण पत्र्यांच्या सांध्यांत आणि मडगार्डच्या खाली काळपटपणा राहू द्या. मग त्याच मिश्रणात थोडा एक्सएफ-५७ बफ (फिकट मातकट रंग) घालून वरून ऊन पडणाऱ्या जागा उजळा: टरेटचं छत, इंजिनावरचा भाग, पुढच्या तिरक्या पत्र्याची वरची बाजू. उजळायला पांढरा वापरला तर हिरवा खडूसारखा कोरडा पडतो. बफने तो उन्हात विटलेला वाटतो.

एअरब्रश नसेल तर काम अडत नाही. पाण्यात मिसळणारे वालेहोसारखे अ‍ॅक्रिलिक रंग, रुंद मऊ सपाट ब्रश, आणि धीराने दिलेले तीन-चार पातळ थर. ब्रशच्या कामात येणारी किंचित असमान छटा रणगाड्याला शोभते.

यानंतर पारदर्शक चकचकीत थर. तामियाचा एक्स-२२ पातळ करून मारला तरी चालतो. हा थर दोन कामं करतो. डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चिन्ह) खडबडीत पृष्ठभागावर बसवलं तर त्याखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक येते, ती टळते. आणि पुढचा वॉश गुळगुळीत पृष्ठभागावर रेषांमधून आपोआप धावतो, डाग पाडत नाही. टरेट ओतीव असल्यामुळे त्याचा पृष्ठभाग खरबरीत असतो. तिथे डिकलखाली मायक्रो सेट आणि वरून मायक्रो सोल ही डिकल बसवायची द्रावणं लावून ते मऊ पडू द्या. सुरकुत्या पडतील, घाबरू नका, वाळताना ते ताणून बसतं. त्या काळी पुष्कळ आकडे हातानेच रंगवलेले असत, म्हणून टरेटवरचा क्रमांक ब्रशने काढला आणि किंचित वाकडा आला तरी तो खराच वाटतो. गाडी १९४५ च्या बर्लिनच्या लढाईतली असेल, तर टरेटभोवती पांढरा पट्टा आणि छतावर पांढरी फुली हवी. स्वतःच्या विमानांना ओळख पटावी म्हणून ती खूण होती. आपल्या जून १९४४ च्या गाडीवर ती येत नाही.

टवके: कोण कुठून चढतं?

टवके काढण्याआधी मॉडेल हातात घ्या आणि विचारा, चालक आत कसा जातो? टी-३४ मध्ये त्याचं झाकण पुढच्या तिरक्या पत्र्यावर आहे. बूट त्या झाकणाच्या खालच्या कडेला आणि आजूबाजूच्या पत्र्याला घासतात, हात वरच्या कडेवर टेकतो. तोफ सांभाळणारे टरेटच्या छतातून उतरतात. इंजिनावरच्या भागावर दुरुस्तीसाठी आणि सामान ठेवायला माणसं चालतात. आणि सोव्हिएत पायदळाचे सैनिक रणगाड्यावर बसूनच पुढे जात. त्यांना धरायला टरेटवर आणि सांगाड्यावर दांड्या जोडलेल्या आहेत. त्या दांड्यांच्या मधल्या भागाचा रंग झिजलेला असणार, टोकांचा नाही. टरेटच्या उभ्या भिंतीच्या मध्यावर मात्र कोणी चढत नाही, म्हणून तिथे टवका काढायचा झाला तर गोळी किंवा झाडाची फांदी असं कारण हवं.

पत्र्याच्या सगळ्या कडांना एकसारखी गडद रेघ ओढलेली मॉडेल्स पुष्कळ दिसतात. मला ती पाहवत नाहीत. कड अखंड झिजत नाही. जिथे हात-पाय लागतात तिथे झिजते, आणि पुढे बोटभर जागा कोरी राहते.

माझी पद्धत दोन टप्प्यांची आहे. आधी मूळ हिरव्यापेक्षा फिकट हिरवा घेऊन बारीक ओरखडे आणि ठिपके. रंग वरवर खरचटला, पोलाद दिसलं नाही, अशा या खुणा आहेत आणि त्याच संख्येने जास्त असायला हव्यात. मग त्यांतल्या काही मोजक्यांच्या आत गडद तपकिरी ठिपका, फिकट कड शिल्लक ठेवून. यासाठी वालेहोचा ७०.८२२ काळपट तपकिरी चांगला. शुद्ध काळा वापरू नका, तो भोक पडल्यासारखा दिसतो. स्पंजचा फाटका तुकडा चिमट्यात धरून रंगात बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि मग हलकेच टेकवा. बारीक विखुरलेले ठिपके स्पंजने, हेतूने काढायचे ओरखडे ०० क्रमांकाच्या टोकदार ब्रशने. चमकतं पोलाद फक्त तिथे, जिथे रोज घासलं जातं.

पातळ पत्र्याचे भाग वेगळे धरा. मडगार्ड आणि बाजूच्या इंधन टाक्या चिलखती पोलादाच्या नाहीत. त्या वाकतात, चेपतात, रंग लवकर सोडतात. गंजाची हौस असेल तर ती इथे भागवा, आणि मागच्या दोन एक्झॉस्ट नळ्यांवर. तापून थंड होणाऱ्या नळीवर रंग टिकत नाही, म्हणून ती गंजलेली आणि टोकाशी काजळलेली दाखवणं अगदी योग्य आहे.

हिवाळ्यातली गाडी करत असाल तर चुन्याचा पांढरा थर इथेच येतो. हिरव्यावर केसांचा स्प्रे दोन हलक्या हातांनी मारा, वाळू द्या, त्यावर तामियाचा एक्सएफ-२ पांढरा पातळ आणि असमान मारा. थोड्या वेळाने पाण्याने ओलसर केलेल्या ब्रशने घासलं की खालचा स्प्रे विरघळून पांढऱ्याचे पोपडे निघतात. पांढरा रंग लॅकरच्या थिनरने पातळ केला तर तो इतका घट्ट बसतो की निघता निघत नाही. त्यासाठी पाणी किंवा तामियाचा स्वतःचा एक्स-२०ए थिनर बरा. घासायचं कुठे, तर जिथे माणसं चढतात तिथेच.

वॉश आणि ऑइल रंग

एनॅमलचा गडद तपकिरी वॉश टोकदार ब्रशवर घेऊन बोल्ट, बिजागऱ्या आणि वेल्डिंगच्या रेषांच्या मुळाशी टेकवा. तो रेषेतून आपला आपण पळतो. संपूर्ण मॉडेलला वॉशने न्हाऊ घालायची गरज नाही. नुसत्या, न रंगवलेल्या प्लास्टिकवर तर थिनर साचू देऊच नका. ताणलेले सांधे त्याने तडकतात. पंधरा-वीस मिनिटांत वॉशची चमक गेली की व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून चांगल्या पुसलेल्या ब्रशने जास्तीचा भाग काढा. उभ्या पत्र्यावर ब्रश नेहमी वरून खाली न्यायचा. पाऊस त्याच दिशेने वाहतो.

मग माझा सर्वांत आवडता भाग येतो, ऑइल रंगांचा. रॉ अंबर, बर्न्ट अंबर, पिवळी माती, थोडा पांढरा, आणि एखादा हिरवा. चित्रकारांच्या साध्या ट्यूब चालतात. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून काही तास ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषून घेतो, त्यामुळे रंग लवकर वाळतो आणि चमकत नाही. एका वेळी एकच पत्रा घ्या. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन रंगांचे ठिपके ठेवा आणि थिनरने जेमतेम ओलसर केलेल्या सपाट ब्रशने उभ्या पृष्ठभागावर खाली ओढा, आडव्या पृष्ठभागावर टेकवत टेकवत मिसळा. जवळजवळ सगळा रंग निघून जातो आणि पत्र्यावर एक धूसर फरक उरतो. शेजारच्या पत्र्यावर रंगांचं प्रमाण बदला. एकाच हिरव्याने रंगवलेली गाडी यामुळे वेगवेगळ्या पत्र्यांची बनलेली वाटू लागते. ब्रश फार ओला असेल तर सगळं पुसलं जातं, म्हणून प्रत्येक वेळी तो कापडावर टिपायचाच.

ओघळही याच रंगांनी. टवक्याच्या किंवा बोल्टच्या खाली केसासारखी रेघ ओढा, दहा मिनिटं थांबा, मग दोन्ही बाजूंनी सपाट ब्रशने घासून ती अस्पष्ट करा. वर गडद, खाली विरत गेलेली. टी-३४ चे बाजूचे पत्रेही तिरके आहेत, म्हणून ओघळ पत्र्याच्या उतारानेच जाईल. ओघळ मोजके आणि कमी-जास्त लांबीचे हवेत.

हे सगळं नीट वाळल्यावर एक मॅट थर. पिगमेंटला धरायला खरबरीत पृष्ठभाग लागतो.

साखळ्या आणि चाकं

साखळीची प्रत्येक पट्टी मँगनीज पोलादाची, प्रत्यक्षात अर्धा मीटर रुंद. तिच्यावर रंग टिकतच नाही. चालत्या गाडीत ती मातीने माखलेली आणि जमिनीला टेकणाऱ्या उंचवट्यांवर घासून उजळलेली असते. गर्द केशरी गंज उभ्या राहिलेल्या गाडीचा. मी आधी काळपट तपकिरी रंग देते, मग मातीची पूड व्हाइट स्पिरिटमध्ये कालवून पूर्ण साखळीवर सोडते. वाळल्यावर उंचवट्यांवरची पूड कापडाने पुसून तिथे शिसपेन्सिलीचा भुगा बोटाने चोळायचा. चंदेरी रंगापेक्षा हा खऱ्या पोलादाच्या फार जवळ जातो. टी-३४ च्या साखळीत एकाआड एक पट्टीला मधोमध उंच दात असतो आणि तो जोडचाकांच्या मधल्या फटीतून फिरतो. दातांच्या बाजू आणि चाकांच्या आतल्या कडा, दोन्हींकडे हा भुगा लावा. ही जागा बहुतेक जण विसरतात.

चाकांचं रबर एक्सएफ-८५ने रंगवा, तो काळा नसून गडद करडा आहे. रबराला खडीने बारीक चरे पडतात, त्यांत धूळ बसते.

धूळ आणि चिखल

बेलारूसमध्ये वाळूचे रस्ते आहेत आणि दलदलही. म्हणजे दोन माती: फिकट, पिवळसर करडी कोरडी धूळ, आणि खाली काळपट तपकिरी ओला चिखल. युक्रेनची काळी माती निवडली असती तर सगळा हिशेब गडद झाला असता. निदान तीन छटांच्या पिगमेंट मिसळून घ्या. एकाच बाटलीतली माती सपाट दिसते.

आधी एअरब्रशने बफ रंग खूप पातळ करून, एक भाग रंगाला आठ-नऊ भाग थिनर, सांगाड्याच्या खालच्या अर्ध्या भागावर आणि मडगार्डवर फिरवा. हा धुरळा सगळ्या थरांना एकत्र बांधतो. मग आडव्या पृष्ठभागांवर कोरडी पूड ब्रशने कोपऱ्यांत ठेवा, व्हाइट स्पिरिटचा थेंब जवळ टेकवा आणि तो स्वतःहून पसरू द्या. ओलं असताना रंग भलताच गडद दिसतो. वाळेपर्यंत काही बदलू नका. जिथे बूट पडतात तिथली धूळ वाळल्यावर पुसा. धूळ कोपऱ्यांत आणि बोल्टांच्या मागे साचते, वाटेवर टिकत नाही. पूड हाताळताना धुळीचा मास्क लावा.

चिखलासाठी पिगमेंट, थोडं बारीक प्लास्टर आणि अ‍ॅक्रिलिक मॅट मिडियम एकत्र कालवा. साखळी चिखल उचलते आणि तिला ओढणाऱ्या मागच्या चाकापाशी झटकते, कारण टी-३४ मध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकाला जाते. म्हणून जाड थर मागे, चाकांच्या आत आणि मडगार्डच्या पोटात. वर जाताना तो विरळ होत शिंतोड्यांवर यायला हवा. शिंतोड्यांसाठी कडक ब्रश पातळ मिश्रणात बुडवून त्याच्या केसांवर एअरब्रशची नुसती हवा सोडा. आधी कागदावर करून पाहा, वरचा भाग झाका. जुना चिखल फिकट आणि कोरडा, त्यावर थोडासा ताजा, गडद आणि ओला. दोन्ही दिसले की गाडी आज आणि काल, दोन्ही दिवस चाललेली वाटते.

ओलेपणा शेवटी. इंधन टाकीच्या झाकणाखाली डिझेल सांडतं. बर्न्ट अंबरमध्ये चकचकीत वार्निश मिसळून आधी रुंद, अगदी पातळ डाग द्या आणि वाळल्यावर त्याच्या आत लहान, दाट डाग. जुन्या डागावर धूळ चिकटून तो मॅट झालेला असतो, चमकतो तो फक्त ताजा. चाकांच्या मधोमध वंगणाचे एक-दोन ओघळ पुरेत, तेही सगळ्या चाकांवर नकोत.

पिगमेंट बसल्यावर त्यावर वार्निश मारू नका. धूळ दिसेनाशी होते आणि सगळं काम एका रात्रीत गडद पडतं. यापुढे मॉडेल साखळ्यांच्या खालून उचला. तारेचा दोर, अँटेना आणि दिव्याची काच आता लावा. पेरिस्कोपच्या काचा धुळीतून स्वच्छ पुसून काढा आणि त्यांच्याभोवती बोटाने पुसल्याची किंचित अर्धगोल खूण राहू द्या, कारण आत बसलेल्यांना बाहेर दिसायला हवं असतं आणि ते त्या काचा सारख्या पुसत असतात.